विमानाचा ड्रायव्हर

"वळायला जागा कुठंय?"

माझ्या जीपमध्ये बसल्याबसल्या म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न हाच. मी अजून किल्लीला हात लावलेला नसायचा आणि यांची चौकशी सुरू. मी राजूरच्या बाजारातून डोंगरातल्या वाड्यांवर माणसं नेणारा साधा जीपवाला. वीस वर्षं तोच रस्ता, डोळे झाकून चालवीन. पण बाबांना ते पटायचं नाही. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो. "पुढं जायला कुनालाबी जमतं," ते म्हणायचे. "मागं कुठनं फिरायचं ते आधी ठरवायचं." मग मला मुकाट्यानं सांगावं लागायचं, की देवळापाशी एक जागा आहे आणि पुढं थेट घाटातल्या आंब्यापाशी.

बाबा मूळचे सोनईकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी एका खाजगी कंपनीची मालवाहू विमानं चालवायचे. चीनची लढाई लागली तेव्हा त्यांच्या कंपनीची विमानं पूर्वेकडच्या डोंगरात तांदूळ, मीठ, रॉकेल टाकायला गेली, आणि बाबाही गेले. निवृत्त झाल्यावर जमीन पुतण्याला देऊन राजूरला दोन खोल्या घेऊन राहिले. सोनईला काय कमी होतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिथं सगळं सपाट हाय. करमत न्हाई."

पंधरा ऑगस्टला शाळेनं त्यांना हौसेनं बोलावलं. हेडमास्तरांनी 'आपल्या गावातले शूर सैनिक' अशी सुरुवात केली. बाबांनी तिथंच उठून त्यांना थांबवलं. "मी सैनिक न्हाई. कंपनीचा पगारी मानूस. मीठ-तांदूळ टाकायचो." हेडमास्तरांचं पुढचं भाषण तोंडपाठ होतं, ते सगळं कोलमडलं. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "तू जीपचा ड्रायव्हर, मी विमानाचा. काय फरक हाय?" फरक कितीतरी होता, पण त्या दिवशी मी घरी जरा ताठ मानेनं गेलो, खोटं कशाला बोलू.

त्यांचा दुसरा छंद वजनाचा. जीप भरली की मागं वळून एकेकाला न्याहाळायचे आणि ह्याला पुढं घे, त्या गोणीला मधे सरकव, असं चालायचं. मागं वजन जास्त झालं की गाडी नाक वर करते म्हणे. एकदा त्यांनी कोंबड्या विकणाऱ्या हौसाबाईंनाच विचारलं, "तुमचं वजन किती?" हौसाबाई म्हणजे अंगानं दणकट आणि जिभेनं त्याहून. "का? इकायला काढताय का मला?" सगळी जीप हसली. बाबाही हसले, पण बाईंना पुढं बसवल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. हौसाबाई शेवटपर्यंत कुरकुरत राहिल्या.

हे सगळं आलं कुठून, ते मला एका दुपारी कळलं. घाटात ढग उतरलेले, समोरचं काही दिसेना, म्हणून मी आंब्यापाशी गाडी थांबवली होती. बाबा आपणहून बोलायला लागले. एका अरुंद खोऱ्याच्या टोकाला जवानांची चौकी होती. सलग तीन दिवस ढग होते, खोऱ्यात आत शिरलं की वळायला जागा नव्हती, म्हणून तिन्ही दिवस बाबा अलीकडूनच वळून परत आले. "खालच्यांना इंजिनाचा आवाज येत आसनार रं. आलं आलं म्हनत आसतील, आन् मी माघारी." चौथ्या दिवशी फट मिळाली. पोती टाकली. पण खाली कुणी दिसलं नाही. ती माणसं होती का, त्यांना मिळालं का, कुणी सांगितलंच नाही. "साठ वर्सं झाली," बाबा म्हणाले. "जेवताना आठवतं." मी उगाच काच पुसत बसलो.

चार वर्षांपूर्वी श्रावणात दरड कोसळली आणि त्या आंब्याच्या बरोबर खाली असलेल्या वाडीचा रस्ता गेला. ओढा फुगलेला, पायवाट वाहून गेलेली. तिसऱ्या दिवशी वाडीतला एकजण कसाबसा कडा चढून वर आला. तीस घरं, आणि पीठ-तांदूळ संपलेलं. लेकरं नाचणीच्या पाण्यावर होती. आम्ही बाजारातून तांदळाची पोती जीपमध्ये घातली आणि निघालो. बाबा आधीच पुढच्या सीटवर बसलेले.

आंब्यापाशी पोचलो तर खाली नुसता ढग. दोर पुरेना. मी म्हटलं, टाकू की वरून. "थांब," बाबा म्हणाले, "पोतं गच्च हाय." मी काही ऐकलं नाही. ढकलून दिलं. खालून फाट्‌कन आवाज आला आणि मागोमाग कुणाचीतरी शिवी. सगळा तांदूळ दगडांत गेला.

बाबा मला रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "आता माझं ऐकशील?" मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. पोतं निम्मंच भरायचं, तोंड शिवायचं आणि मोठ्या पोत्यात घालून तेही शिवायचं. आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस दगडावर बसून दाभणानं पोती शिवत होता. टाकायच्या आधी खालच्यांना हाक देऊन वाडीतल्या शाळेच्या भिंतीमागं जायला लावलं, सगळे गेल्याचा आवाज येईपर्यंत हात लावू दिला नाही.

पहिलं पोतं गेलं. धप्‌ असा जड आवाज आला. बाबा कड्याच्या टोकाशी उभे राहिले. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला होता.

"पोचलं का?" त्यांनी हाक दिली.

काहीच नाही. नुसता ओढ्याचा आवाज. बाबा आणखी पुढं वाकले. मग त्या पांढऱ्या ढगातून बाईमाणसाचा आवाज आला.

"पोचलं, बाबा. आख्खं हाय."

"ऐकलं," बाबा म्हणाले, आणि खाली बसले. डोळे पुसायचं भानही त्यांना राहिलं नाही. मग लगेच आमच्यावर ओरडले, "बघताय काय? दुसरं शिवा."

त्यानंतर रस्ता झाला, वाडीला सगळं मिळायला लागलं. पण बाबांनी रीत पाडली. आंब्यापाशी आलं की गाडी थांबवायची. ते "पोचलं का?" म्हणणार, खालून कुणीतरी "पोचलं, बाबा" म्हणणार, मग हे "ऐकलं" म्हणणार आणि गाडी पुढं. पाठवलेलं काही नसायचं. प्रवासी आधी वैतागायचे, मग तेही कान देऊन बसायला लागले.

यंदा माघात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुढच्या बाजाराला जीप भरली, तरी पुढच्या सीटवर कुणी बसेना. मागं माणसं दाटीवाटीनं बसली. आंब्यापाशी आल्यावर सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला. इंजिन बंद केलं. वाडीला अजून काही कळलेलं नव्हतं. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून त्यांनी हाकेची वाटही पाहिली नाही.

"पोचलं, बाबा."

मग हौसाबाई मागून उतरल्या, कोंबड्यांची पाटी घेऊन पुढं आल्या आणि बाबांच्या जागेवर बसल्या. "मागं वजन लई झालंय," त्या म्हणाल्या. पदरानं नाक पुसलं आणि मला कोपरानं ढोसलं. "त्यांना जवाब दे की."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "ऐकलं."