बॉनेटवरचं पाखरू

वहिनी गेल्याची तार अकोल्याला शाळेत आली, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. तार वाचली आणि मनात पहिलं काय आलं असेल? गाडी कुठे उभी केली असेल तिनं?… ती तर घरी, झोपेतच गेली होती. पण माझ्या विमलवहिनीला ज्यांनी अमरावतीत पाहिलंय, त्यांना माझ्या या विचाराचं नवल वाटणार नाही. पदर कमरेला खोचून, कुंकवाचा ठसठशीत टिळा लावून ती मोटार हाकत निघाली की टांगेवाले टांगा बाजूला घेत आणि घोड्यासकट बघत राहत!

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा वकील. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली; पण स्वतःला चालवता येईना, माझ्या दादाची नजर कमजोर, आणि ठेवलेला ड्रायव्हर एक दिवस न सांगता गेला. गाडी धूळ खात पडली. तेव्हा नवी नवरी असलेली वहिनी वाढता वाढता आबांना म्हणाली, "मी चालवीन न, मामाजी. माहेरी शिकली मी." आईच्या हातातली पळी वरणातच राहिली. आबांनी भात संपवला, हात धुतला आणि मग म्हणाले, "चालव. पण गाडीचा एक खिळाही हरपला, तं चावी माह्या हातात. मंग हट्ट नाई." आणि स्वतः मात्र त्या गाडीत कधी बसले नाहीत. सुनेच्या शेजारी बसून गावातून जायचं? कोर्टात टांग्यानं, शेतावर बसनं!

या गाडीच्या बॉनेटवर निकेलचं एक पाखरू होतं. पंख मागे टाकलेलं, मान पुढे काढलेलं, उन्हात असं झळकायचं की डोळे दिपावे. आबा त्याला गरुड म्हणत, आई कबूतर, दादा बगळा. या वादात आमच्या घरी कितीतरी जेवणं थंड झाली. वहिनी नुसतं पाखरू म्हणे. अशा चिन्हांवर तेव्हा चोरांचा भारी डोळा. एका डॉक्टरांच्या गाडीवरची धावती हरणी नाहीशी झाली आणि पुढे एका पानठेल्यावर सुपारीच्या डब्याला मूठ म्हणून सापडली! तेव्हापासून वहिनीनं नेम धरला. गाडी थांबली, की उतरायचं, पाखरू आट्यांवरून फिरवून काढायचं, पर्समध्ये टाकायचं. निघताना परत बसवायचं. बाजारात भाजीवाल्या बायका म्हणायच्या, "बाईनं पाखरू काढलं, म्हंजे बाई आता घटकाभर हाये."

आणि एवढा जपलेला तो ऐवज गेलाच! त्या वर्षी पोळ्याच्या थोडं आधी आम्ही दोघी अकोल्याहून परत येत होतो. मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक बंद. अंजनगावकडे जाणारी, अरुंद रुळांवरची छोटी गाडी यायची होती, आणि ती गाडी म्हणजे येते म्हणे आणि येतच नाही. शेजारी एक बाई कणसं भाजत होती. आम्ही उतरलो. पाखरू मात्र काढलं नाही, कारण वहिनीच्या हिशेबी फाटकावर थांबणं म्हणजे काही थांबणं नव्हे. कणसं खाल्ली, छोट्या गाडीतल्या पोरांना हात केले, फाटक उघडलं, आणि वळून पाहतो तो बॉनेटवर नुसते आटे. पाखरू बहुतेक त्याच गाडीनं भुर्र झालं होतं.

वहिनी रडली नाही. रिकाम्या आट्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि गाडी सुरू केली. चावी गेली तर तिचं काय जाणार होतं, हे मला ठाऊक होतं. त्या चार चाकांवर ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं गायची. गंमत बघा, चोरी झाली तरी घरात कुणाला पत्ता नाही! उभ्या गाडीवर पाखरू नसणार, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आबा रोज गाडीवरून नजर फिरवत आणि समाधानानं पुढे जात. पण गावी निघताना ते म्हणाले, "सूनबाई, पोळ्याले गाडी घेऊन या. पाखरू मस्त चमकोजा. गावाले पाहू द्या!" आणि आदल्या दिवशीच बसनं निघून गेले.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. वाटेत वहिनी म्हणाली, "पोळा झाला का सांगून टाकतो त्यायले. सणात वाद नको." गाडी लांब कडुलिंबाखाली लावली आणि आम्ही तोरणाकडे गेलो. काय तो थाट! रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं, बेगडाची बाशिंगं, ओरडून ओरडून म्हटलेली झडत्यांची कवनं… आणि त्या रांगेत आमच्या शेताशेजारच्या किसनाजींच्या पांढऱ्याशुभ्र सर्जाच्या कपाळावर, बाशिंगाच्या मधोमध, पंख मागे टाकून बसलेलं आमचं पाखरू!

वहिनी सरळ पुढे गेली. किसनाजी खुशीत होते. "अंजनगावच्या बजारातून आनलं, बाई. मोर हाये. पाहा न, माह्या सर्जाले कसं शोभून राहिलं!" मी वहिनीच्या कानाशी लागले, "आबा पाहाच्या आधी काढून घेऊ न!" ती माझ्याकडे वळली. "कावून? पोळा फुटाच्या आधी बैलाचं कपाळ उघडं करू?" मग ती किसनाजींना म्हणाली, "लय शोभते, भाऊ. राहू द्या."

तेवढ्यात आबा आलेच. सगळ्यात सजलेल्या जोडीला शेला द्यायचा मान त्यांचा. एकेक बैल निरखत आले, सर्जापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कडुलिंबाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. मी देवाचं नाव घेत होते. वहिनी डोक्यावरचा पदर सावरून पुढे झाली आणि गावादेखत म्हणाली, "मामाजी, ते आपलंच हाये. मूर्तिजापूरच्या फाटकापाशी माह्या हातून गेलं. किसनाभाऊले काई ठाऊक नाई." आणि चावी पुढे केली. आबांनी ती घेतली, खिशात टाकली. वहिनीचा चेहरा पार उतरला. मग आबांनी खांद्यावरचा शेला काढला आणि सर्जाच्या पाठीवर पांघरला. जो गलका झाला म्हणता! किसनाजी मात्र आबांच्या खिशाकडे आणि पाखराकडे बघत उभे. पोळा फुटला, बैलांनी पुरणपोळी खाल्ली, आणि मगच ते पाखरू धोतराच्या सोग्यात धरून आमच्या दारी आले. पंखाखाली शिंगांचा लाल रंग लागला होता. वहिनी म्हणाली, "दर पोळ्याले सर्जासाठी घेऊन येईन, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गाडीपाशी उभे. आम्ही बसच्या तयारीत. आबांनी खिशातून चावी काढून वहिनीसमोर धरली. "पाहून काय राहिली? मले का चालोता येते?" आणि दार उघडून पुढे, तिच्या शेजारी बसले! अमरावतीपर्यंत काचेवर हात ठेवून, भेटेल त्याला रामराम घालत. इतका आनंद मी वहिनीच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

आबा गेले, सर्जा गेला, किसनाजींचा दुसरा बैल आता त्या जागी उभा राहतो. वहिनीचा पोळा एकदाही चुकला नाही. गाडी आज गॅरेजमध्ये आहे, बॉनेटवर नुसते आटे. पर्स दादानं माझ्या हाती दिली. जड लागली. आत पाखरू, पंखाखालचा लाल रंग तसाच. तो तिनं कधी पुसलाच नव्हता. मी ती पर्स घरी आणून खुंटीला लावली आहे आणि उघडत नाही. पाखरू पर्समध्ये आहे, म्हणजे वहिनी गाडी लावून इथेच कुठे गेली आहे, घटकाभरात येईल… असं मला अजून वाटतं. मला ती फार हवी आहे.

पण पोळा तोंडावर आला. काल किसनाजींचा निरोप आला : "यंदा बैलाच्या कपाळाले काय बांधू, ताई?" उद्या पर्स उघडते.