वसुधाबाईंनी न लिहिलेलं वाक्य

वसुधा टिपणीस लग्न होऊन साताऱ्याहून चंडीगडला आल्या, तेव्हा बाजारात कोकम मागितल्यावर दुकानदाराने त्यांच्यापुढे आलुबुखारे ठेवले होते. नवरा जयंत सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. दिवसभर तो लॅबमध्ये, आणि वसुधाबाई दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. आमटीला आंबटपणा आणायचा कशाने? त्यांनी अनारदाणा, म्हणजे डाळिंबाचे वाळवलेले दाणे, भिजवून, वाटून घालून बघितला. जमलं! हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना आणि शेजारी मराठी बाई कुणी नव्हती, म्हणून त्यांनी पुण्याच्या एका दैनिकाला लिहून पाठवलं. ते छापून आलं. मग दुसरं, तिसरं, आणि पुढे रविवारच्या पुरवणीत ‘परमुलखातली चूल’ हे सदरच त्यांच्याकडे आलं. खाली नाव असे नुसतं ‘सौ. वसुधा’. कडाक्याच्या थंडीत इडलीचं पीठ रजईत गुंडाळून कसं फुगवायचं, बदलीच्या गावी घरात चारच ताटं असताना आठ माणसांना कसं जेवू घालायचं, असलं सगळं त्या लिहीत. बायकांची पत्रं येत, कधी हैदराबादहून, कधी भिलाईहून.

आणि एका रविवारी त्यांनी सदर बंद केलं. का, ते जयंतरावांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

गेल्या दिवाळीत चंडीगडच्या महाराष्ट्र मंडळाचं स्नेहभोजन होतं. वसुधाबाई आता सत्तरीच्या पुढे गेलेल्या. जेवणाआधी करमणूक म्हणून इराने एक कार्यक्रम बसवला होता. इरा विद्यापीठात जुन्या वर्तमानपत्रांवर संशोधन करते. जुन्या गृहिणी-पानांची कात्रणं तिने पडद्यावर दाखवली आणि ठसक्यात वाचली. साहेब जेवायला येणार असतील तर पडदे कोणत्या रंगाचे लावावेत, केळीचे डाग कसे काढावेत. लोक हसत होते. वसुधाबाईही हसत होत्या.

मग पडद्यावर ‘परमुलखातली चूल’ आलं.

“पाहुणे अवचित आले तरी गृहिणीने कपाळाला आठी पडू देऊ नये,” इरा वाचू लागली. “हसतमुखाने सर्वांना वाढावे, आणि मागाहून उरलेसुरले आपण जेवावे. आपला थकवा दिसू देणे हा पाहुण्यांचा अपमान होय.”

हॉलमध्ये हशा पिकला. “यार, कोण ह्या सौ. वसुधा!” मागून कुणीतरी ओरडलं.

जयंतरावांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. “जाऊ दे,” ते पुटपुटले. वसुधाबाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

“मी. मीच ती सौ. वसुधा. आणि हे मी लिहिलेलं नाही.”

हसू थांबलं.

“मी लिहिलं होतं, दमला असाल तर दमले म्हणून सांगा. नवऱ्याला कांदा चिरायला बसवा, पाहुण्यांना पाणी भरायला लावा, आणि पहिल्या पंगतीला तुम्हीही बसा. संपादकांनी ते काढलं आणि स्वतःच्या मनातलं माझ्या नावावर छापलं. दुरुस्ती छापा म्हटलं, तर म्हणाले, वाचकांना रुचणार नाही. म्हणून मी लिहिणं सोडलं.”

मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, किती वर्षं झाली त्याला. ते संपादकही आता हयात नसतील. बसा बघू खाली.”

“ते नसतील. मी आहे. आणि आत्ता ह्या पडद्यावर नाव माझं होतं, त्यांचं नव्हतं. त्याला हसलात तुम्ही.”

इरा गोरीमोरी झाली. “सॉरी, काकू. मूळ मजकूर आहे का तुमच्याकडे? काही पुरावा?”

“नाही. मी आहे ना.”

इराने मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करून तो त्यांच्यापुढे धरला. “पुन्हा सांगा, काकू. पहिल्यापासून.” वसुधाबाईंनी सांगितलं, एक शब्दही न गाळता.

त्यावर विश्वनाथरावांनी घाईघाईने जेवणाची घोषणा केली. “पहिल्या पंगतीला पुरुष मंडळी आणि मुलं! बायका वाढतील.”

वसुधाबाई सरळ गेल्या आणि मधल्या पानावर बसल्या.

“वहिनी, अहो, वाढायचंय!”

“मी दमले आहे,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “सकाळपासून शंभर करंज्या तळल्यात. भूक लागलीय.”

मग जयंतराव उठले, पुऱ्यांची टोपली उचलली आणि बायकोच्या पानात दोन पुऱ्या वाढल्या. इरा शेजारच्या पानावर बसली. मग आणखी दोघी, मग लेकुरवाळ्या मुली, बघता बघता ओळ भरली. काही तरुण हसत हसत भाजी घेऊन आले. वाढण्याची पार दैना झाली. कोशिंबीर मिठाच्या जागी पडली, श्रीखंड निम्म्या ओळीतच संपलं, आणि एक काका न जेवताच घरी गेले. वसुधाबाईंनी मात्र मठ्ठा दोनदा मागून घेतला.

इराच्या लेखात पुढे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून आले. दुसऱ्याच्या खाली ‘वसुधा टिपणीस यांच्या सांगण्यावरून’ असं होतं. वसुधाबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “सांगण्यावरून कशाला? लिहिलं होतं मी.” इराने तेही दुरुस्त केलं.

संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश आला, स्वयंपाक महिलांनी पूर्वीप्रमाणे करावा. वसुधाबाईंनी उत्तर टाकलं, पुरुष ओट्याशी उभे राहणार असतील तरच. खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली, सगळ्या बायकांच्या. शेवटी कमिटीने इंडस्ट्रियल एरियातल्या एका ढाब्यावरून छोले-कुलचे मागवले.

“बघा वहिनी,” विश्वनाथराव कुलच्याकडे बघत म्हणाले, “तिळगूळ सोडला तर मराठी काही उरलं नाही.”

“मग या की रविवारी घरी. पोळ्या लाटायला शिकवते.”

दोन तरुण मुलगे त्यांच्याकडे शिकायला गेले, त्यांच्या पोळ्या आता फुगतात. विश्वनाथराव अजून गेलेले नाहीत. वसुधाबाईंनी बोलावणं मागे घेतलेलं नाही, आणि भेटले की चारचौघांत त्या ते पुन्हा देतात.