चुडामण मास्तरांचा मिरचीचा पाठ

पडदा वर जातो. नंदुरबारच्या शाळेतला तिसरीचा वर्ग. फळ्याचा एक पाय विटेवर. चाळीस टोप्या रांगेत. खिडकीबाहेर पथारी, म्हणजे मिरची वाळत घातलेलं मैदान, इतकं लाल की आमच्या कंपनीच्या मखमली पडद्याला लाज वाटावी. खुर्चीत परीक्षक, पुण्याकडचे डिप्टीसाहेब, नाकाला रुमाल लावून. मध्यभागी चुडामण मास्तर, सदरा घामाने भिजलेला. साल १९१४. मी खिडकीबाहेर, म्हणजे आमच्या भाषेत विंगेत.

चुडामण प्रकाशा गावचा, तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझा लहानपणचा दोस्त. ट्रेनिंग कॉलेजात वर्षभर राहून आला होता. पण सनद मिळायला परीक्षकासमोर पाठ देऊन दाखवावा लागे आणि त्यात तो दोनदा नापास झाला होता. समोर साहेब बसला की त्याची जीभ टाळूला चिकटे. ही तिसरी आणि शेवटची खेप. सनद नाही तर नोकरी नाही. थोरल्या भावाने, भिलाने, गावाहून निरोपही धाडला होता, "मोट तुन्ही वाट दखी ऱ्हायनी."

मी तेव्हा नाटक कंपनीत दुसऱ्या नायिकेचं काम करत असे आणि कंपनीला सुटी होती. चुडामण पाठाचं टाचण घेऊन माझ्याकडे आला. डावीकडे मास्तराचे प्रश्न, उजवीकडे मुलांची उत्तरं. कॉलेजची शिकवण अशी की मास्तराने सांगायचं नाही, मुलांकडून काढून घ्यायचं. मुलं काय म्हणतील त्याचा अंदाज तेवढा लिहून ठेवायचा. मला बापड्याला ते काय ठाऊक. मी म्हटलं, अरे, हे तर संवाद आहेत, फक्त पात्रं वाटायची राहिलीत. त्यालाही पटलं, बुडत्या माणसाला काय पटत नाही. आठ दिवस शाळा सुटल्यावर मी वर्गाची तालीम घेतली. उत्तरं ओळीने वाटून दिली आणि रंगभूमीचा पहिला नियम पोरांच्या अंगी मुरवला: समोरचा चुकला तरी आपलं वाक्य सोडायचं नाही.

पाठ सुरू झाला. चुडामणने मिरची उंच धरली आणि "हे काय आहे?" हा पहिलाच प्रश्न भीतीने गिळून टाकला.

"हिचा रंग कोणता?"

"मिरची," पहिला मुलगा खणखणीत म्हणाला.

"चव कशी?"

"लाल."

"ही पिकते कुठे?"

"तिखट, गुरुजी."

आवाजफेक उत्तम होती, माझीच शिकवण. डिप्टीसाहेबांनी लेखणी उचलली. चुडामणने खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसलो.

मग त्याने टाचण मिटलं, पोरांमध्ये मांडी घातली आणि घरच्या बोलीत विचारलं, "पथारीवर कोण कोण जास रे?"

चाळीस हात वर. मिरची खुडताना डोळ्यांना हात लावायचा नाही, वाऱ्याच्या दिवशी कुठे बसायचं नाही, सगळं भसाभसा बाहेर आलं. मिरचीच्या व्यापाऱ्याचा सलाउद्दीन म्हणाला, वाळलेली मिरची कानाशी हलवली की बिया वाजतात. वाजल्या नाहीत तर ती ओली. कपाशी-ज्वारीच्या घरातल्या चुडामणला हे नवंच होतं. त्याने मिरची कानाशी धरली आणि विचारत सुटला. साहेबांनाही राहवेना. त्यांनी एक हलवून ऐकली, दुसरी मोडून बिया पाहिल्या आणि त्याच बोटाने डोळा पुसला.

पुढचा पाठ वर्गाने साहेबांना दिला. चोळू नका, पाणी नको, तूप लावा. शेजारच्या कौसाबाईंची तुपाची वाटी आली. अर्ध्या घटकेने साहेबांनी एक डोळा मिटून शेरा लिहिला: मुलांकडून माहिती उत्तम काढून घेतली. पास.

मास्तर त्याच शाळेत बत्तीस वर्षं शिकवत राहिले. दरवर्षी तिसरीला मिरचीचा पाठ असे, टाचणाशिवाय. मला मात्र त्या दिवशी वर्गाच्या जवळपास फिरकायची बंदी.

सेहेचाळीस साली ते अंथरुणाला खिळले. वैद्याने तिखट तोडलं होतं आणि धनुबाई वहिनींचा पहारा कडक. वहिनी आत गेल्याचं पाहून मी खिशातली पथारीवरची एक मिरची त्यांच्या तळहातावर ठेवली. आता ते ती तोंडात टाकतील आणि मला वहिनींच्या शिव्या खाव्या लागतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी ती कानाशी नेली, डोळे मिटून हलवली, बराच वेळ ऐकलं आणि मला परत दिली. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते एवढंच:

"ओली शे रे. आखो दोन दिन वाळू दे."