सपाट छत आणि आमची माटवी

मला एक सांगा, कोकणात सपाट छताचं घर बांधायला लावणाऱ्या मुलाला घरच्यांनी जेवायला वाढावं का?

आमच्या घरच्यांनी वाढलं. अजून वाढतात.

मुंबईत नव्या वास्तुकलेची पत्रकं वाचून माझी मतं पक्की झाली होती. वासे, कौलं, नक्षी म्हणजे सरंजामशाहीची अडगळ! नव्या माणसाला सरळ रेषा आणि पांढरी भिंत पुरे. तोंडवलीचं आमचं जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा मी संध्याकाळभर बोललो. बाबा बोटीवर तांडेल होते (वाऱ्याशी वाद घालत नसत). ते हो म्हणाले. आगपेटीसारखं चौकोनी घर उभं राहिलं. पहिल्याच पावसात गच्चीवर पाणी साचलं आणि बेडकांनी संसार थाटला. मी म्हणालो, नव्या युगात थोडी ओल असायचीच.

मग चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट छताच्या वाशांना टांगायची आणि तिला नारळ, तवशी (म्हणजे मोठ्या काकड्या), सुपाऱ्या, रानवेली बांधायच्या. आदल्या दिवशी आई-बाबा चौकट धरून उभे राहिले आणि वर बघू लागले. मीही बघितलं. वर काहीच नव्हतं.

"आता ही खंय टांगूची?" आईने विचारलं.

मी सिमेंटमध्ये खिळा ठोकला. तो वाकला. मग समोरासमोरच्या खिडक्यांच्या गजांना दोर ताणून माटवी मधोमध लोंबवली. उंची अजमावायला देवाच्या जागी मलाच पाटावर बसवलं. दोर सैल झाला, माटवी खाली आली, तवसं मांडीत पडलं, आणि नारळ कुठे पडला ते मला शुद्धीवर आल्यावर कळलं!

आई हसली नाही. या घरासाठी तिने धाकट्या काकांच्या पडवीत चूल मांडून दिवस काढले होते. "माटवी नाय, तर गणपती धाकट्याकडे जातलो," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

बाबा गोठ्यात गेले. जुन्या घराचे चार खांब आणि थोडे वासे त्यांनी जळणात जाऊ दिले नव्हते. (मी दिले असते.) खांब खोलीत उभे राहिले, वर वासे बांधले गेले. गणपती रंगवून उरलेला गुलाबी आणि हिरवा रंग खांबांवरच्या नक्षीला लागला. माझ्या पांढऱ्या खोलीत एक छोटं, भडक घर तयार झालं!

मला राहवेना. हे खांब छत पेलत नाहीत, म्हणजे ते खोटे आहेत, असं मी बाबांना सुनावलं.

"छपराचा ओझा नाय रे, माटवेचा आसा," ते म्हणाले. "मगे खोटो कसो?"

मी पत्रकं काढून चाळू लागलो. आई बाहेर आली आणि तिने स्वतः तवशी बांधली. गणपती आमच्याच घरात बसला.

गेल्या चतुर्थीला घराचा नकाशा काढणारा माझा मुंबईचा मित्र आला. खांबांभोवती फिरत राहिला. म्हणाला, परदेशात आता काही वास्तुकार हेच म्हणू लागलेत. घर नवं बांधा, पण जुन्यालाही आत घ्या, रंग द्या, थोडी गंमत करा. मी ताबडतोब सांगितलं, ही कल्पना माझी. आई-बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. हे उपकार कुठल्या तत्त्वात बसवायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, घर बांधणार असाल तर नकाशा पक्का करण्याआधी आईला विचारा, छताला काय काय टांगायचं आहे. घरात माझ्यासारखा विचारवंत असेल तर त्यालाही जरूर बोलू द्या. फक्त बांधकाम संपल्यावर!