टाकीतल्या पोरींची सावड

गेल्या महिन्यात आमच्या धाराशिवच्या घरात माशांची काचेची टाकी आली... आणि माझा स्वयंपाक करपायला लागला. सांगते का ते.

टाकी आणली आत्यांसाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांना माकणीहून इकडं आणलं. ‘आईला गावात एकटं ठेवलं तर लोक तोंडात शेण घालतील’, हे ह्यांचं म्हणणं.

पण आत्यांचं इथं मनच लागेना. दिवसभर खुर्चीत, अर्ध्या भाकरीवर हात धुवायच्या. ज्या बाईची हाक पलीकडच्या रानात ऐकू जायची, ती घरात आहे की नाही कळेना हो!

मासे आणले तर जीव रमेल, असं ह्यांना वाटलं. आत्या एवढंच म्हणाल्या, “आणायचंच तर जोडीनं आणा. एकटा जीव घरात आणू न्हाय.” बैल, समया, सगळं जोडीनं आणायची आपली पद्धत... म्हणून आम्ही शहाण्यांनी चार जातींच्या चार जोड्या आणल्या!

त्यातली निऑन टेट्राची जोडी लई गोड. बोटाच्या पेराएवढा जीव, अंगावर निळी चमकती रेघ, शेपटीकडं लालभडक. आत्या त्यांना ‘पोरी’च म्हणायला लागल्या.

पण पोरी आल्या तशा फिल्टरच्या मागं दडल्या. रंग फिका पडला, दाण्याला तोंड लावेनात. आत्या रोज काचेशी वाकायच्या... “आजबी जेवल्या न्हाईत गं.” मला धडकीच भरली. पोरींचं काही बरंवाईट झालं तर आत्यांच्या मनाला किती लागेल!

शेवटी मोबाईलवर शोधलं. हे मासे घोळक्यानं राहणारे, जोडीनं त्यांचं भागतच नाही. दोघंच असले की सावलीलाही भितात. घ्या! ह्यांनी कुरकुर केली, पण बाकीच्या जोड्या दुकानात परत देऊन डझनभर निऑन आणले.

पिशवी आधी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे सोडले. नवे मासे बिचकून एका कोपऱ्यात गोळा... आणि काय सांगू, फिल्टरमागच्या दोघी सुसाट निघाल्या आणि थेट त्यांच्यात घुसल्या! ओळख ना पाळख. जुन्या कोणत्या नि नव्या कोणत्या, तेही कळेना.

चार दिवसांत रंग असा चढला की बघत राहावं. कुकरची शिट्टी झाली की सगळ्या क्षणात एकत्र. शांत झालं की पुन्हा सैल, पण एकमेकींच्या नजरेत... वळायच्या तर सगळ्या एकदम, ना धक्का ना बुक्की. मी गॅसवरची भाजी विसरून उभी!

आत्यांची खुर्ची तर टाकीसमोरच आली. एकदा म्हणाल्या, “ह्यांच्यात मुकादम कोण गं?” म्हटलं, कुणीच नाही आत्या. तशा खुदकन हसल्या. “अगं मग ही आमची सावडच की!”

आणि सुटल्याच... सावडीत आज सगळ्याजणी एकीच्या रानात खुरपायला, उद्या दुसरीच्या. कुणाची पात, म्हणजे वाट्याची खुरपायची ओळ, मागं राहिली की शेजारची चार हात मारून तिला पुढं घेते. हे सांगताना आत्यांचा चेहरा असा काही फुलला होता! त्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली.

“बघ, रमली आई,” हे खूश. मला राहवेना. म्हटलं, “अहो, पोरींना सोबतिणी आणल्या तेव्हा त्या जेवल्या. आत्यांची सावड धाराशिवात कुठल्या दुकानात मिळणार?”

ह्यांचं तेच पालुपद... “पण लोक काय म्हणतील?”

आत्यांनी टाकीवरची नजरही काढली नाही. “लोक म्हंजी कोण रं बाबा? माझी लोकं तर माकणीत हायत.”

ह्यांचे डोळे भरले. रविवारी स्वतः आईला माकणीला सोडून आले. आता दर रविवारी आम्हीच जातो.

काल मी फोन केला. पलीकडं बायकांचा हसण्याचा नुसता गलका! आत्यांनी विचारलं, “पोरी जेवल्या का?” मी कौतुकानं सांगायला लागले, तर मध्येच म्हणाल्या, “बरं ठेव आता, माझी पात मागं राहिली.” आणि फोन कट!

इथं असताना ह्याच आत्या फोन आला की ठेवू द्यायच्या नाहीत...

मी टाकीत दाणे टाकले. सगळ्या एकदम वर आल्या. तुमचे लई उपकार झाले गं पोरींनो.