आवळून धरलेलं अंग

पडून मनगटाचं हाड मोडलं, त्याला तीन आठवडे झाले होते. प्लास्टर हाताला होतं, पण ठणकत सगळंच अंग होतं आणि डोकं तर सकाळपासून धरलेलं असायचं. डोक्यात काही भलतंच निघेल या भीतीनं मी घरात कुणाला बोलले नव्हते.

काल डॉक्टरीणबाईंना मात्र सांगितलं. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "खांदा खाली सोडा."

"सोडलेलाच आहे की."

त्यांनी समोरचा आरसा दाखवला. खांदा कानाला टेकायला आला होता.

"हात जपायला सगळं अंग आवळून धरलंय तुम्ही. झोपही नाही. मान आखडली, म्हणून डोकं दुखतंय."

हाड क्षणात मोडतं, पुन्हा पडण्याची भीती मात्र अंगभर मुरत जाते. मी खांदा बोटभर खाली सोडला आणि तेवढ्यानंही पडतेय असं वाटून टेबलाची कड घट्ट धरली.