जुन्याच्या पत्र्यावरचा खळगा

आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा म्हणून बायको झेंडूचा हार घेऊन आली, तेव्हा मी खलातला बत्ता घेऊन नव्या कॉम्प्युटरसमोर उभा होतो. सकाळभर लिहिलेला लेख त्याने गिळला होता. सगळी बटणं नव्या जागी, पडद्यावर ओळखीचं एक चिन्ह नाही. त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं. पण इतक्या गुळगुळीत थोबाडावर राग काढायचा तरी कुठे?

जुना असा नव्हता. अडला की उजव्या कुशीत एक सणसणीत चापट द्यायची, की घरघरत उठायचा. मारून मारून तिथल्या पत्र्याला खळगा पडलाय. परक्यासमोर आपण नुसते दातओठ खातो. मनसोक्त शिव्या घालायला कुणीतरी आपलंच लागतं.

“अहो, तो बत्ता ठेवा आधी! हार कुणाला घालू?”

मी कोपऱ्यातला जुना उचलून आणला, त्या खळग्यावर हळदकुंकू लावलं आणि हार घातला.

“आणि या नव्याला?”

“त्याला काही नाही,” मी म्हणालो. “माझ्या हातचा मार खायचीसुद्धा लायकी लागते.”